बच, नागरमोथा

मी तीस वर्षं विष विकलं, असं सांगितलं की नवे पाहुणे जरा सावरून बसतात. मग सून घाईघाईने सांगते, "आईंचं काष्ठौषधींचं दुकान होतं." तेही खरं नाही. दुकान शेठचं होतं, मी नुसती काउंटरला होते. पण काउंटरला असणाऱ्या माणसालाच गिऱ्हाईक दुकानदार समजतं, आणि मीही ती समजूत कधी फार खोडून काढली नाही.

दुकान भिवंडीत, कामतघरला. वाळलेली मुळं, साली, फळं, बिया, डिंक यांनी भरलेल्या बरण्या भिंतभर, वर छतापर्यंत. आमच्या डाव्या भिंतीपलीकडे लूमचा कारखाना होता. सकाळी आठपासून जो खटाखट आवाज सुरू व्हायचा, तो लाइट जाईपर्यंत. त्या हादऱ्याने बरण्या फळीवर हळूहळू पुढे सरकत यायच्या आणि दर शनिवारी मी त्यांना हाताने मागे ढकलायची. नवीन माणसाचं त्या आवाजात डोकं दुखायचं. आम्हाला सवय झाली होती. अर्धं ओठांवरून ओळखायचं, अर्धं हातवाऱ्यांवरून. लूमवर काम करणाऱ्या माणसाची तर एक खास खोड असते: ऐकू आलं असो नसो, तो मान हलवतो. दिवसभर शेडमध्ये मुकादम काहीतरी ओरडत असतो, प्रत्येक वेळी 'काय?' विचारत बसलं तर शिफ्ट संपायची नाही, म्हणून ती सवय. या खोडीबद्दल मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट त्या मानेवर उभी आहे.

आमच्या धंद्यात औषधं ओळखणं सोपं. नाक आणि डोळे असले की वर्षभरात येतं. कठीण असतात ती नावं. भिवंडीत तर एकेका मुळीची तीन-तीन नावं चालतात. शेलार गावची शेतकरीण 'वेखंड' मागते, उत्तर प्रदेशातून आलेला कामगार त्यालाच 'बच' म्हणतो, आणि हकीमसाहेबांच्या चिठ्ठीत 'वज' लिहिलेलं असतं. वस्तू एकच, पोरांच्या गुटीत उगाळतात ती, उग्र वासाची. आमच्या घरी आयुर्वेद कुणी शिकलं नव्हतं. वडील नगरपालिकेत कामाला, भाऊ शिक्षक. मी दहावी झालेली. ही सगळी नावं मी शेठकडून आणि गिऱ्हाइकांकडून शिकले, आणि त्याचा मला गर्व होता. थोडाफार नव्हे, चांगलाच होता.

नावांनी गंमतही होते. 'अतिविष' नावाची एक मुळी आहे. नावात विष, तेही अति, पण ती बिनविषारी. लहान मुलांच्या जुलाबावर देतात. एकदा शाळेतल्या एक बाई बरणीवरची चिठ्ठी वाचून माझ्यावर भडकल्या. तान्ह्या मुलांना हे देता, मी पोलिसांत जाईन, म्हणाल्या. मी तुकडा तोडून त्यांच्यासमोर चावून खाल्ला. कडू जहर होता, तोंड वाकडं झालं, आणि ते वाकडं तोंड बघून बाईंना वाटलं की मी आता पडते. पाणी त्यांनीच आणून दिलं.

आणि त्याच घराण्यातला, पण पक्का खुनी, तो बचनाग. काळपट, बोटभर लांब, टोकाला निमुळता कंद. नावात 'बच' आहे म्हणून कुणी वाचत नाही. पण नुसता वाईट म्हणावा तर तसंही नाही. ताप, सांधेदुखी, जुनाट सर्दी यांवरच्या किती तरी गोळ्यांत तो असतो, अगदी कणभर, आणि तोही शुद्ध केलेला. शुद्ध करणं म्हणजे धुणं नव्हे. शेठ गच्चीवर ते काम स्वतः करायचे. कंदाचे तुकडे दिवसचे दिवस गोमूत्रात ठेवायचे, रोज गोमूत्र बदलायचं, मग उन्हात वाळवायचे, काही दुधात शिजवायचे. वास असा सुटायचा की शेजारच्या कारखान्याचे मालक भांडायला यायचे. त्यानंतरही ते औषध वैद्याने सांगितल्याशिवाय कुणी घ्यायचं नाही. हे वाचून कुणाला घरी करून बघावंसं वाटलं, तर हा अंक बाजूला ठेवून आधी शहाण्या माणसाशी बोला.

कच्चा बचनाग आम्ही ठेवायचो तो औषधं बनवणाऱ्या वैद्यांसाठी, आणि थोडा गुडघ्याच्या तेलासाठी. तो कुलपात असायचा. किल्ली माझ्या कमरेला. एकदा तो फोडताना हातमोजा फाटला होता आणि मी नकळत तेच बोट ओठाला लावलं. आधी मुंग्या आल्या, मग ओठ माझा आहे की नाही ते कळेना. दुपारभर मी आरशात बघून तो जागेवर असल्याची खात्री करत होते. शेठ त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर ओरडले.

दुकानाचा नियम होता: वैद्याची चिठ्ठी असल्याशिवाय कच्चा बचनाग द्यायचा नाही. तो नियम मी सैल केला. आधी ओळखीच्या तेलवाल्यांसाठी, मग ज्याचा चेहरा सरळ वाटेल त्याच्यासाठी. 'खायचं की लावायचं?' एवढा एक प्रश्न विचारायचा, 'लावायचं' म्हटलं की बजावून द्यायचा. मला वाटायचं, मला माणसं वाचता येतात. वाटायला कारणही होतं. एक गृहस्थ बचनाग कुटून मागत होते, गुडघ्यासाठी म्हणाले, पण चालत तर टणाटणा आले होते. दोन प्रश्न विचारल्यावर कळलं की शेजाऱ्याचं कुत्रं त्यांना झोपू देत नाही. मी आत जाऊन ज्येष्ठमध कुटला आणि पुडी बांधून दिली. पंधरा दिवसांनी ते तणतणत आले. कुत्रं आता आधीपेक्षा खणखणीत भुंकतंय, म्हणाले. ज्येष्ठमधाने घसा मोकळा होतो, त्याला मी काय करणार? ही गोष्ट मी ज्याला त्याला सांगायची. सांगता सांगता माझं डोकं थोडं वर गेलं असावं.

आता त्या दिवसाचं सांगते.

दुपारचे बारा वाजून गेले होते. काउंटरवर एक तरुण उभा होता, केसांत कापसाची रुई, म्हणजे पाळी संपवून थेट आलेला. त्याच्या शेजारी हौसाबाई. हौसाबाई शेलारची, शेती करते, दर महिन्याला सुनेच्या बाळासाठी काहीबाही न्यायला यायची. पलीकडे लूम जोरात चालू. तरुण म्हणाला, आणि मला ऐकू आलं, "बचनाग… मोथा."

मी विचारलं, "लगाने का है?" त्याने मान हलवली. मी कुलूप उघडलं. एक कंद पुडीत बांधला, दुसऱ्या पुडीत मोथा, म्हणजे गवताच्या सुवासिक गाठी. देताना बचनागाच्या पुडीवर बोट ठेवून बजावलं, "ज़हर है, मुँह में नहीं डालने का." त्याने पुन्हा मान हलवली आणि गेला. सरळ चेहऱ्याचा मुलगा, मला वाटलं, बापाच्या गुडघ्यासाठी नेतोय.

पाचेक मिनिटांनी लाइट गेली. लूम एकदम थांबले आणि दुकानात पंख्याची घरघरही उरली नाही. हौसाबाईने आपल्या यादीतलं सगळं घेतलं आणि शेवटी म्हणाली, "मना पन तोच नागरमोथा दे, त्या पोरानी नेला तो. सुनेला दुधासाठी पाजीन."

मी म्हटलं, त्याने नुसता मोथा नेला.

"न्हाय बाय," ती म्हणाली. "नागरमोथा बोलला तो. बच नि नागरमोथा. मी बाजूलाच व्हती, कान हायत ना मना."

मोथा काय आणि नागरमोथा काय, आमच्याकडे बरणी एकच. तेवढ्यासाठी मी वाद घातला नसता. पण 'नागर' हा शब्द जर मोथ्याचा असेल, तर मागे काय उरतं? नुसतं 'बच'. वेखंड. मी 'नागर'मधला 'नाग' तोडून 'बच'ला जोडला होता. आणि वेखंड माणूस कुणासाठी नेतो? मी हौसाबाईला विचारलं, तो आणखी काही बोलला का. ती म्हणाली, हो, त्याचं सव्वा महिन्याचं पोर पोटदुखीने रडतंय, घरी बाया गुटी उगाळायला खोळंबल्यात.

माझ्या हातातून तराजू सुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सव्वा महिन्याच्या जिवाला बचनागाची उगाळलेली एक रेघही पुष्कळ झाली.

देव कुठे असेल तर तो त्या दिवशी हौसाबाईच्या कानात होता. आणि तिच्या डोळ्यांतही, कारण तिने त्या मुलाला ओळखलं होतं. "आमचेच गावचे कडेला चाल हाय, तिथंच रव्हतो," ती म्हणाली. मी दुकान तसंच उघडं टाकलं. शेठ जेवायला गेले होते. जाता जाता शेजारच्या पानवाल्याला ओरडून सांगितलं की दुकान बघ. आम्ही रिक्षात बसलो.

भिवंडीत घाई करणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. गोदामांचे कंटेनर समोरासमोर आले होते आणि कुणीच मागे हटायला तयार नव्हतं. रिक्षावाला इंजिन बंद करून तंबाखू मळायला लागला. आम्ही उतरलो आणि चालत निघालो. चालत कसलं, मी धावत होते आणि हौसाबाई, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, काष्टा घातलेली, डोक्यावर पिशवी, माझ्या पुढे. वाटेत ती एकदाही मला बोलली नाही की तू काय केलंस. ती फक्त ट्रकवाल्यांना शिव्या देत वाट करत होती.

चाळ आली. पंधरा-वीस खोल्या, सगळ्यांचे दरवाजे उघडे. आणि मला रडणं ऐकू आलं. तान्ह्या पोराचं, पोटात कळ आल्यासारखं, बेंबीच्या देठापासून. तीन मुलं वाढवली मी, पोराच्या रडण्याने इतका आनंद कधी झाला नव्हता. विष गेलेलं पोर असं रडत नाही.

खोलीत तो तरुण होता. त्याचं नाव नसीम. त्याची बायको पोराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती, आणि जमिनीवर सहाण पुढ्यात घेऊन नसीमची फूफी, म्हणजे आत्या, बसली होती. सहाणेवर करडी रेघ होती. चमचा शेजारी कोरडा. मी आधी सहाण उचलून दाराबाहेर ठेवली, मग दम घेऊन विचारलं, बच्चे को दिया क्या?

नसीमची बायको वैतागून म्हणाली, कुठे दिलं, फूफीच नाटकं करतायत. तिच्या सांगण्यावरून कळलं ते असं. फूफीने कंद उगाळला, पण वास येईना. वेखंडाचा वास तर घरभर पसरतो. बायको म्हणाली, जुना असेल, द्या लवकर, पोर तडफडतंय. पण फूफीची रीत होती, त्यांच्या गावची जुनी, की पोराच्या तोंडात जायचं ते आधी आपल्या जिभेवर. तिने बोटाने रेघ पुसून चाटली आणि थांबली. पाच मिनिटं नुसती बसून राहिली होती. नसीमच्या बायकोला वाटलं, ती रुसली.

फूफी माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "ज़बान सुन्न हो रही है. होंठ भी."

मला माझा तो ओठ आठवला. पोर वाचलं होतं, पण ही बाई वाचायची होती. मी तिला भरपूर चुळा भरायला लावल्या, ती सहाण आणि उरलेला कंद पिशवीत घातला, आणि आम्ही सगळे सरकारी रुग्णालयात निघालो. या वेळी वाट मोकळी होती. रिक्षात फूफीला उलटी झाली. तिचा हात माझ्या हातात होता, गार पडत चाललेला, आणि ती मलाच विचारत होती की बच्चे को कुछ नहीं होगा ना.

तिथे तरुण डॉक्टरीणबाई होत्या. काय खाल्लं, त्यांनी विचारलं. खोटं बोलायला मला तेवढी एकच फट मिळाली होती. जडीबुटी म्हणून सांगितलं असतं तर कुणी पुढे विचारलं नसतं. मी पिशवी टेबलावर ठेवली.

"कच्चा बचनाग आहे," मी म्हटलं. "वेखंड मागितलं होतं, मी हा दिला. अर्ध्या-पाऊण तासापूर्वी बोटभर चाटला. बाळाने घेतलेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी कंद उलटसुलट करून पाहिला आणि लगेच फूफीच्या छातीला तारा लावायला सांगितल्या. याला उतारा असा नाही, त्यांनी मला नंतर सांगितलं, हृदयाची चाल बिघडते ती सांभाळत राहायचं, आणि काय गेलंय ते आधीच कळलं म्हणून बरं झालं. नसीम दाराशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हा हात उगारेल, आणि उगारला तर बरंच होईल. तो म्हणाला, "आपने बोला था कुछ, दुकान में. हमको लगा बोल रही हैं, बच्चे का ख़याल रखना." मग खाली बघत म्हणाला, "हमने तो सुना ही नहीं था. ऐसे ही मुंडी हिला दी."

आता दुकानाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. शेठ संध्याकाळी रुग्णालयात आले, फूफीजवळ बसले, आणि दुसऱ्या दिवशी कच्चा बचनाग दुकानातून कायमचा काढला. ज्यांना औषध बनवायला लागतो त्यांनी आपला आपण मागवावा. मला त्यांनी काढलं नाही. मी स्वतःहून किल्ली दिली, तर म्हणाले, आता कुलपात काही नाहीच, किल्ली घेऊन मी काय करू? त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुणालाही लगेच पुडी बांधून दिली नाही. आधी वस्तू त्याच्या तळहातावर ठेवायची, वास घ्यायला लावायची, कुणासाठी नेतोस ते विचारायचं आणि नाव त्याच्या तोंडून पुन्हा वदवून घ्यायचं. लाइट असली, म्हणजे लूम चालू असले, तर कागदावर लिहून दाखवायचं. मान हलवणाऱ्याला औषध मिळायचं नाही. गिऱ्हाइकं कटकट करायची, म्हातारीला ऐकू येत नाही म्हणायची. म्हणोत. हौसाबाई मात्र कौतुकाने सगळ्यांना सांगायची की हिच्याकडे वेखंड घ्यायचं तर तोंडी परीक्षा द्यावी लागते.

सगळेजण मला म्हणतात, तू धावलीस म्हणून पोर वाचलं. मी पोहोचले तेव्हा पोर वाचलेलंच होतं. त्याला वाचवलं ते एका बाईच्या जिभेने. मी फक्त हौसाबाईच्या पाठीमागे धावत राहिले, एवढंच माझं काम. ते माहीत असल्यामुळे मला त्या घटनेचा अभिमान वाटत नाही. वाटते ती सुटका. इतकी मोठी सुटका की आजही कधी भाजी निवडताना मधेच हात थांबतो आणि मी नुसती श्वास घेत बसते.

त्या रात्रीबद्दल लिहीत नाही. सकाळी फूफीच्या हृदयाची चाल सरळ झाल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तारा काढल्या, पण तोंड अजून बधिर आहे म्हणाल्या, आदल्या दुपारपासून तिला कशाचीच चव कळत नव्हती. ती परत येईल, वेळ लागेल. मी घरून किटलीत चहा करून नेला होता. सहाला उठून, कपडे उलटे-सुलटे घालून, कसाबसा केलेला. नसीमने फूफीला उठून बसवलं. त्याची बायको पोराला घेऊन पायथ्याशी बसली होती, पोर गाढ झोपलेलं. मी कप फूफीच्या हातात दिला. तिने एक घोट घेतला, तो तोंडात धरला, आणि तिचं कपाळ आक्रसलं.

"इसमें शक्कर नहीं है क्या?" तिने विचारलं.

नव्हती. घाईत टाकायची राहिली होती. मी मान हलवली, आणि एवढ्या माणसांसमोर, वॉर्डातल्या आया बघत असताना, पलंगाची कड धरून रडायलाच लागले. मला थांबताच येईना. फूफी बिचारी ओशाळली. तिला वाटलं, तिने चहाला नावं ठेवली म्हणून मी रडतेय.

"अरे, रोती क्यों हो," माझ्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "फीकी भी चलेगी."